पाऊल हललं पाहिजे : पोटरीला करंट देणाऱ्या मशीनबद्दल, पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी

इंदूरमध्ये मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. रामबाग, लोकमान्य नगर, टिळक नगर, सुदामा नगर असा माझा रोजचा फेरा. पेशंट बहुतेक साठीच्या पुढचे. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाच्या खुब्यात रॉड घातलेला, कुणाची लकव्याने एक बाजू गेलेली. मुलं पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत. लांब राहून जीव टांगणीला लागलेली ही मुलं मग मशीन पाठवतात. पायाला लावायचं, करंट देणारं, ‘रक्ताभिसरण वाढवतं, गुठळ्या होऊ देत नाही’ असं खोक्यावर छापलेलं. घरचे खोका माझ्यापुढे ठेवतात आणि विचारतात, “ताई, हे कसं लावायचं?”

कसं लावायचं ते सगळं सांगते. पण लावायचं की नाही हे आधी ठरवावं लागतं. ते का, हे मला माझ्याच घरात कळलं.

मी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आत्याचं खुब्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. ती म्हणाली, डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखतंय. आईने तिळाचं तेल कोमट केलं, वाटी मी धरली आणि आम्ही दोघींनी पोटरी चांगली चोळून दिली. पोटरी गरम लागत होती, दुसरीपेक्षा जाडही होती. माझ्या हाताला ते कळलं होतं, त्याचा अर्थ कळला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून परत येताना आत्याला धाप लागली आणि ती दारातच खाली बसली. पोटरीतली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली होती. आत्या वाचली, त्यापुढे सहा महिने रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालल्या. पण ती तेलाची वाटी मी विसरलेले नाही. म्हणून कुणी ‘पोटरी दुखते, मशीन लावून देऊ का’ असं विचारलं, की मी आधी दोन्ही पोटऱ्यांना हात लावून बघते.

पोटरी करते काय

हृदय रक्त खाली पाठवतं, ते परत वर चढवण्याचं मोठं काम पोटरी करते. पोटरीचा स्नायू आवळला की त्याच्यातल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमध्ये झडपा असतात, त्यामुळे चढलेलं रक्त पुन्हा खाली येत नाही. हापशासारखंच हे काम चालतं : दांडा मारत राहिलं तर पाणी येतं, हात थांबला की पाणी थांबतं. माणूस नुसता स्थिर उभा राहिला तर घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालू लागला की तोच ३०च्या आसपास किंवा त्याहून खाली उतरतो. चार पावलांत एवढा फरक पडतो.

जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६च्या सुमाराला शिरेत गुठळी कशी होते याचा अभ्यास मांडला. त्यातून पुढे तीन कारणं धरली जाऊ लागली : रक्त संथ होणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची वृत्ती वाढणं. १३ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळतात. खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ही तिन्ही कारणं एकदम हजर असतात. मशीनचा हात यातल्या पहिल्या कारणापर्यंतच पोहोचतो. ते पोटरी आवळून रक्त हलतं ठेवतं. उरलेल्या दोन्हींचं त्याला काही करता येत नाही. रक्ताची गोठण्याची वृत्ती आवरण्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं हेपरिनचं इंजेक्शन किंवा गोळी असते. मशीन आलं म्हणून ती बंद करायची नाही, एक दिवसही नाही.

पुरावा काय म्हणतो तेही ऐका, कारण खोक्यावर ते लिहिलेलं नसतं. ऑपरेशन चालू असताना पोटरीला विजेचे झटके देऊन रक्त हलतं ठेवण्याचे प्रयोग इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकातच झाले. २०१४मध्ये तिथल्या ‘नाइस’ या, उपचार आणि उपकरणं तपासून शिफारस करणाऱ्या संस्थेने गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला चिकटवायच्या एका छोट्या उपकरणाला मान्यता दिली, पण अटीसह : गुठळीचा धोका मोठा आहे आणि औषधं किंवा दाब देणाऱ्या इतर पद्धती वापरता येत नाहीत, अशाच पेशंटसाठी. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे तोवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, असं दिसलं, की काहीच न करण्यापेक्षा विजेने स्नायू हलवणं बरं असावं, पण कमी मात्रेतल्या हेपरिनच्या तुलनेत ते कमी पडतं. त्यातल्या बऱ्याच पुराव्याचा दर्जाही त्यांनी कमीच धरला. म्हणून मी घरच्यांना सांगते, हा जोडीला घ्यायचा मदतनीस आहे. ज्याला उठून चालता येतं त्याने चालावं. ज्याला चालता येत नाही पण पाऊल हलवता येतं, त्याने जागेपणी दर तासाला दहा-पंधरा वेळा पंजा स्वतःकडे ओढावा आणि मग पुढे दाबावा. ज्याला तेही जमत नाही, किंवा सांगूनही जो करत नाही, त्याच्यासाठी मशीन.

आधी नाही कुणाला, ते बघा

पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं झटका देणारं यंत्र असेल तर हृदयाच्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हात लावू नका. गरोदरपणातही नाही. पायात गुठळी आहे हे माहीत असेल किंवा नुसता संशय असेल तर अजिबात नाही. आवळणाऱ्या स्नायूमुळे गुठळी सुटू शकते. ज्या पायाचं हाड मोडलंय आणि अजून जुळायचंय, तिथे सर्जन हो म्हणेपर्यंत थांबा. जखम, व्रण, इसब किंवा कॅन्सरची गाठ असलेल्या जागी पॅड, म्हणजे करंट देणारी चिकट पट्टी, नको. फिट येत असतील तरी डॉक्टरांना विचारूनच. चालताना पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं, पाऊल गार पडतं, अशी तक्रार असेल तर ती शुद्ध रक्ताच्या नळ्यांची असू शकते. तिथेही आधी तपासणी.

बदललेल्या गुडघ्यातल्या धातूबद्दल सगळेच विचारतात. शॉर्टवेव्ह डायथर्मीत, म्हणजे आतपर्यंत शेक देणाऱ्या मशीनमध्ये, धातू तापतो, म्हणून ती तिथे वर्ज्य असते. त्यावरून लोक सगळ्याच मशीनना घाबरतात. स्नायू आवळणारा हा करंट तसा धातू तापवत नाही. गुडघा बदलल्यानंतर मांडीच्या स्नायूला ताकद यावी म्हणून आम्ही तो नेहमी देतो. तरी टाक्यांच्या जवळ पॅड नको आणि सर्जनला विचारल्याशिवाय सुरुवात नको.

मधुमेहाबद्दल थोडं थांबून सांगते. इंदूरमध्ये मधुमेह नाही असं घर मला फारसं भेटत नाही. पायांची जाणीव गेलेली असेल तर ‘सोसेल इतका करंट’ हा नियम निकामी होतो, कारण पेशंटला काही लागतच नाही. लोकमान्य नगरमधल्या एका आजोबांनी ‘काहीच वाटत नाही’ म्हणत बटण वाढवत नेलं. पॅडचा एक कोपरा वाळून वर आला होता, सगळा करंट उरलेल्या भागातून जात होता. संध्याकाळी तिथे रुपयाएवढा फोड. तो भरायला दीड महिना लागला. आता असा पेशंट असेल तर मी आधी डोळे मिटायला सांगते, पोटरीला कापसाने स्पर्श करते आणि मग काडीपेटीच्या काडीच्या मागच्या टोकाने हलकं टोचते. दोन्हींतला फरक ओळखता आला नाही तर त्या पायाला घरी मशीन नाही.

टेपने मोजा

शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीच्या खाली नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. तिथून खाली १० सेंटिमीटर मोजा, स्केचपेनने खूण करा आणि त्या जागी पोटरीचा घेर घ्या. दोन्ही पायांचा. गुठळीचा अंदाज बांधताना डॉक्टर वेल्सचे गुण मोजतात. त्यात एका पोटरीचा घेर दुसरीपेक्षा ३ सेंटिमीटरहून जास्त असणं हा एक मुद्दा आहे. ऑपरेशन झालेला पाय तसाही सुजलेला असतो, म्हणून कालच्या आकड्याशी ताडून बघणं जास्त कामाचं. कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात दोन आकडे लिहा. दुधाचा हिशोब लिहितो तसा.

एकच पाय अचानक जाड झाला, पोटरी गरम किंवा लालसर झाली, दाबल्यावर दुखली, तर मशीन बाजूला ठेवा, तेल बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. डॉपलर सोनोग्राफीत गुठळी दिसते. धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर येऊन पडलं, तर थेट १०८. शेजारच्यांना विचारत बसू नका. आणि बरेचदा गुठळी होऊनही पाय काहीच सांगत नाही, म्हणून आकडा ठीक आहे म्हणजे औषध सोडायला मोकळीक मिळाली असं समजू नका. बरेच दिवस पडून असलेल्या आणि गुठळी टाळण्याचे कुठलेच उपचार न झालेल्या माणसाला तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मशीन सुरूच करू नका.

मशीन कोणतं

दवा बाजारात जाऊन ‘करंटचं मशीन द्या’ म्हटलं की बहुधा टेन्स हातात येतं. टेन्स दुखणं कमी करण्यासाठी असतं. ते त्वचेखालच्या संवेदनेच्या नसांना गुदगुल्या करतं, स्नायू त्यात आवळेलच असं नाही. आपल्याला हवं ते स्नायू हलवणारं. त्यावर ‘ईएमएस’ किंवा ‘एनएमईएस’ लिहिलेलं असतं. काही मशीनमध्ये दोन्ही मोड असतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

रामबागेतल्या एका काकूंना मुलाने असंच मशीन पाठवलं होतं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ अर्धा तास, अगदी नेमाने. मी विचारलं, “काकू, पाऊल हलतं का?” “नाही गं, पण मुंग्या छान येतात.” मशीन टेन्सवर होतं. मोड बदलला, पॅड दोन बोटं खाली सरकवलं, हळूहळू करंट वाढवला. आठव्या-नवव्या आकड्यावर त्यांचा अंगठा पलंगाच्या कठड्याकडे झुकला, सैल पडला, पुन्हा झुकला. “अगं बाई, हा तर आपला आपणच हलतोय!” असं म्हणून त्या उशीवरून मान उचलून बघत राहिल्या.

या सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : मुंग्या येणं पुरेसं नाही, पाऊल हललं पाहिजे. स्नायू आवळला नाही तर शीर पिळली जात नाही आणि रक्त जागचं हलत नाही.

पाय ठेवायचे ते पाट्यासारखं मशीनही मिळतं. बसू शकणाऱ्यांना ते सोयीचं, पण कसोटी तीच. पोटरीवर हात ठेवून ती आवळते का बघा. जुन्या क्लिनिकमधलं मोठं मसल स्टिम्युलेटर कुणी घरी आणलं असेल तर त्यातला गॅल्व्हॅनिक, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, करंट घरच्या माणसांनी वापरू नये, त्याने त्वचा भाजते. त्याच मशीनमधला फॅरॅडिक, म्हणजे छोट्या-छोट्या ठोक्यांनी स्नायू आवळणारा, करंट मात्र आमचा जुना सोबती. पाय उंच ठेवून, क्रेप बँडेज गुंडाळून तो दिला की सूज उतरायला मदत होते, पण तेही फिजिओच्याच हातून.

लावायचं कसं

पाय साबणाने धुवा आणि कोरडा करा. तेल अजिबात नको. आपल्याकडे आजारी माणसाला सकाळी तेल लावल्याशिवाय घरच्यांना चैन पडत नाही. त्या तेलावर पॅड चिकटत नाही, कोपरे सुटतात, आणि सुटलेल्या कोपऱ्याने काय होतं ते वर सांगितलं. केस दाट असतील तर कात्रीने बारीक करा. वस्तरा नको, त्याने न दिसणारे ओरखडे पडतात आणि तिथे करंट चावतो.

पेशंटला झोपवा. घोट्याखाली उशी घ्या, म्हणजे टाच अधांतरी राहील आणि पाय हृदयापेक्षा थोडा वर येईल. गुडघ्याखाली उशी मात्र घेऊ नका. तिथे ती बरी वाटते हे खरं, पण गुडघ्यामागच्या शिरेवर दाब येतो, आणि गुडघा बदललेला असेल तर तो वाकलेलाच राहायला लागतो. ही उशी काढायला लावताना मला दर घरात वाद घालावा लागतो, आणि मी तो घालते.

पॅड ५ बाय ५ सेंटिमीटरचे घ्या, फार छोटे टोचतात. एक पॅड गुडघ्यामागच्या घडीच्या चार बोटं खाली, पोटरीच्या फुगीर भागावर. दुसरं खाली, जिथे फुगीर भाग संपून पोटरी निमुळती व्हायला लागते तिथे. नडगीच्या हाडावर नको, फुगलेल्या निळ्या शिरांवर नको. एका चॅनेलची (मशीनमधून निघणाऱ्या एका वायरची) दोन्ही पॅड एकाच पायावर लावा; एक या पायाला, एक त्या पायाला असं करू नका. पॅड चिकटवल्यावर तळहात अर्धा मिनिट वर दाबून ठेवा. हे सगळं मशीन बंद असताना.

आता मशीन सुरू करा, करंट शून्यावर ठेवून. सेटिंग दोन प्रकारची चालतात. एक म्हणजे सेकंदाला एक ते पाच ठोके, ज्यात पाऊल टक-टक हलतं. याने स्नायू लवकर थकत नाही. दुसरी म्हणजे ३० ते ४० हर्ट्झची (सेकंदाला तेवढे ठोके), ज्यात स्नायू काही सेकंद धरून ठेवतो आणि मग सोडतो. यात सोडण्याचा वेळ धरण्याच्या वेळेपेक्षा जास्त हवा, आणि करंट एकदम न येता चढत यायला हवा. ठोक्याची रुंदी, म्हणजे एक ठोका टिकतो तो वेळ, २०० ते ३०० मायक्रोसेकंद. नवख्यांनी पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी.

करंट एकेक आकड्याने वाढवा आणि पेशंटच्या चेहऱ्याकडे बघत राहा. आधी मुंग्या, मग थरथर, मग पोटरी आवळून पाऊल खाली झुकतं. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूच्या नसेवर लावायचं छोटं उपकरण असेल तर पाऊल उलट वर आणि बाहेर उचललं जातं. हललं की तिथेच थांबा. आणखी वाढवून आणखी फायदा होत नाही, पोटरीत वांब तेवढा येतो. पाच मिनिटांनी त्वचेला सवय होते, हालचाल मंदावते. तेव्हा एखादा आकडा वाढवायला हरकत नाही. आकडा तोच ठेवूनही पाऊल हलेना, तर वाढवण्याआधी पॅड बघा. वाळलं असेल तर पाण्याचा एक थेंब बोटाने पसरवा. तरी चिकटेना तर नवं काढा. जुनं पॅड ओढून-ताणून वापरण्यात अर्थ नाही. एकाचं पॅड दुसऱ्याला लावू नका.

पहिल्या दिवशी १० मिनिटं पुरेत. पॅड काढल्यावर त्वचा बघा. हलका गुलाबीपणा थोड्या वेळात जातो. तासाभराने लाली तशीच असेल, किंवा खाज, पुरळ आली असेल, तर त्या पेशंटला ते पॅड सोसत नाही. सगळं ठीक असेल तर २० ते ३० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा अशी माझी पद्धत आहे. तुमच्या फिजिओने वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका, त्यांनी तो पाय पाहिलेला असतो. मशीन लावून झोपू नका, उठून चालू नका, पाय बादलीत ठेवू नका, गाडी तर नाहीच नाही. चार्जरला जोडलेलं मशीन पायाला लावू नका.

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घरचे मशीन लावतात आणि दुसऱ्या खोलीत जातात, असं बरेचदा बघते. पहिले काही दिवस तरी जवळ बसा. बोलता न येणाऱ्या, लकवा झालेल्या माणसाला करंट चावतोय हे कपाळावरच्या आठीवरूनच कळतं.

प्रवासाचं थोडक्यात. इंदूर-पुणे रात्रभराची बस किंवा अमेरिकेचं विमान, दोन्हींत तासन् तास पाय लटकत राहतात. चार तासांहून लांब प्रवासानंतर गुठळीचा धोका जवळपास दुप्पट होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दिसलं. तरी निरोगी माणसासाठी तो साधारण सहा हजारांत एक एवढाच राहतो. त्यासाठी मशीन विकत घ्यायची गरज नाही. पंजे हलवा, पाणी प्या, बस थांबली की खाली उतरून फेरी मारा. आधी गुठळी होऊन गेलेली असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा.

बंद कधी करायचं? पेशंट आधाराने का होईना, दिवसातून अनेक वेळा खोलीतून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून दारापर्यंत चालू लागला की मी मशीनच्या वेळा कमी करते. आधी दुपारची, मग सकाळची, शेवटी रात्रीची. औषध किती दिवस घ्यायचं हे वेगळं. खुबा बदलल्यावर ते ३५ दिवसांपर्यंतही चालू शकतं आणि ते सर्जनच ठरवतात. मशीन ठेवताना सेल काढून ठेवा, पॅड त्यांच्या प्लास्टिकच्या कागदावर परत चिकटवा आणि पिशवी घट्ट बंद करा, नाहीतर मे महिन्यात ती पापडासारखी वाळतात. टेपने पोटरी मोजणं मात्र मी सांगेपर्यंत रोज चालू ठेवा.